पुढच्या पाण्यापर्यंत

मेघाला संस्कृतीचं सगळं कळायचं. पोरीची भुवई जराशी वर गेली की तहान, ओठ आत ओढले की बाथरूम, टाचेवर टाच घासायला लागली की झोप. दाराच्या कडीकडे नुसती नजर वळली तरी मेघा चपला हातात घेऊन हजर. लेकीला साडेतीन वर्षं झाली होती, तोंडातून अजून एक धड शब्द फुटला नव्हता, पण म्हणून घरात तिचं कधी काही अडलं नव्हतं.

"हिच्यासारखा रिमोट बाजारात मिळायचा नाही," तिचा नवरा शिवराज वाळूजच्या कंपनीतल्या मित्रांना सांगायचा. "बटण दाबायच्या आधीच टीव्ही चालू!"

मेघाला ती शाबासकी वाटायची. बी.एस्सी.ला तिचं मायक्रोबायोलॉजी होतं. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तासन् तास बसायची सवय. लग्न झालं, पोर झालं, सूक्ष्मदर्शक सुटला. डोळा तेवढा राहिला.

बाहेरच्यांना मात्र लेकीच्या भुवया वाचता येत नव्हत्या. टीव्ही सेंटरच्या चौकातून घरी येताना रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला, "बच्ची बोलती नै क्या मॅडम?" तेव्हापासून मेघानं त्या स्टँडवरची रिक्षाच सोडली. नर्सरीच्या प्रवेशाला दोघी गेल्या तर शाळेतल्या बाईंनी वाकून विचारलं, "नाव काय तुझं, बेटा?"

"संस्कृती," मेघा म्हणाली.

"छान! काय आवडतं तुला खायला?"

"पोहे. शेंगदाणे काढून."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ताई, मी तिला विचारतेय. जूनपर्यंत थोडं बोलायला लागली की या परत."

कान तपासून झाले होते. कान ठणठणीत. सांगितलेलं सगळं कळायचं तिला; 'बाबांचा निळा डबा आण' म्हटलं तर हिरवा बाजूला सारून निळाच आणायची. दिवाळीपासून गारखेड्यात निशा मॅडमांकडे थेरपी सुरू होती. या मॅडम मुलांना बोलतं करायच्या, स्पीच थेरपिस्ट. खोलीत गादी, टोपलीभर खेळणी, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत मेघा, मांडीवर पिशवी घेऊन. पिशवीत पाणी, रुमाल, लाडूचा डबा, जादा फ्रॉक. पोरगी मॅडमांकडे बघायची, मॅडम पोरीकडे, आणि मेघा डोळ्यात तेल घालून दोघींकडे. एखाद्या दिवशी 'म' निघायचा, एखाद्या दिवशी 'बा'. घरी येईपर्यंत तोही कुठे सांडून जायचा कोण जाणे.

संक्रांत झाली आणि कन्नडहून द्वारकाबाई आल्या, शिवराजची आई. एस.टी.तून उतरून घरात पाय ठेवतात न ठेवतात तोच त्यांनी पदराची गाठ सोडली. आत एक पेरू होता, पिवळा, एका अंगाला चोचीनं कोरलेला.

"हे घे. राघूनं उष्टावलेला हाय. राघूचा उष्टा खाल्ला का लेकरू राघूवानी बोलतं."

"अहो आई..."

"आहो आई काय? दोन सकाळी झाडाखाली बसले मी, मान वर करून. मान आखडली. पहिला सापडला तो वटवाघळाचा निघाला. म्हटलं, तो दिला तर लेकरू उलटं लटकायचं!" आणि स्वतःच खळखळून हसल्या. मग नातीला मांडीवर ओढून म्हणाल्या, "काय गं ठमे? तुझं नावच आसं जोडाक्षराचं ठिवलंय तुझ्या मायनं, मलाच म्हणता येत नाय. तू काय बोलशील?"

मेघा पेरू घेऊन स्वयंपाकघरात गेली. त्या चोचीच्या खळग्यात तिला जंतूंनी भरलेली अख्खी पेट्री डिश दिसत होती. तिनं पेरू मिठाच्या पाण्यानं धुतला, पुन्हा धुतला, आणि शेवटी कोरलेला भाग चांगला ऐसपैस कापून ओल्या कचऱ्यात टाकला. उरलेल्या फोडी पोरीनं चटाचटा खाल्ल्या. भुवई नाही, ओठ वर गेला. म्हणजे आणखी हवंय. मेघानं शेवटची फोड दिली.

"खाल्ला का? समदा?" दारातून आवाज आला.

"हो. सगळा."

दुसऱ्या दिवशी घंटागाडी आली. बादली उलटी करताना मेघाचा हात क्षणभर थांबला. नसता कापला तर? छे, काहीतरीच. पण गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत ती फाटकाशी उभी होती.

त्याच दिवशी चहा पिता पिता द्वारकाबाईंनी विषय काढला. "शिवराज, दोन महिने लेकरू माझ्याकडं दे. आमच्या गल्लीत निसती पोरंच पोरं. भांडंल, मार खाईल, शिव्या शिकंल, पण बोलंल तर खरी. इथं चार भिंतीत हिच्याबिगर हाय कोण तिला?"

"आई, तिची थेरपी चालू आहे," मेघा म्हणाली.

"व्हय, दिवाळीपासून. फुगे उडवती ती बाई. फुगे मी पण उडवीन की."

मेघानं शिवराजकडे बघितलं. त्यानं बशीतला चहा उगाच हलवला. "आईचं अगदीच चूक नाही, मेघा. बदल म्हणून..."

"तिला रात्री भीती वाटते. तिला पोटात दुखलं तर कुणाला कळणार? ती सांगणार कशी?"

"मग तेच तर म्हणते मी," द्वारकाबाई म्हणाल्या. "कुणालाच कळलं नाय म्हणजे सांगंल."

दोन महिने! पोरगी भुवई वर करून बसेल आणि गल्लीतलं कुत्रंही तिकडे बघणार नाही. शिवराजनं दोघींच्या मधला रस्ता काढला. "असं करू. पुढच्या पाण्यापर्यंत बघू. आई पाणी भरायला थांबेलच. तोवर काही फरक दिसला तर राहू दे इथं, नाहीतर आईबरोबर पाठवू."

त्यांच्या कॉलनीत नळाला पाणी आठवड्यानं यायचं, कधी त्याहून उशिरा, आणि कुणी ते वार-तारखेत मोजायचं नाही. पाहुणे 'मागच्या पाण्याला' येऊन गेलेले असायचे, गोधड्या 'पुढच्या पाण्याला' धुवायच्या असायच्या. मेघाच्या लेकीचा निकालही आता पुढच्या पाण्याला लागणार होता.

त्या आठवड्यातल्या थेरपीला मेघा गेली तीच फणफणत. "मॅडम, काहीतरी जोरात करा. जास्त वेळ घ्या. मी रोज आणते."

निशा मॅडम मेघाच्याच वयाच्या असतील. बोलण्याआधी जरा थांबायची त्यांना सवय होती, आणि मेघाला नेमका तोच थांबा सोसायचा नाही. "ताई, आज मी थोडं मोबाइलवर रेकॉर्ड करते. चालेल? फक्त आपल्या दोघींसाठी."

त्यांनी साबणाच्या पाण्याचे फुगे उडवले. संस्कृती टाळ्या पिटत नाचली. मग मॅडमांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं, बाटली पोरीच्या हातात दिली आणि तिच्यासमोर गादीवर बसून राहिल्या. काही न बोलता. पोरीनं झाकण ओढून बघितलं. निघेना. मॅडमांकडे बघितलं. मग कोपऱ्यात आईकडे.

"फुगे हवेत ना बाळा? मॅडम, उघडून द्या ना तिला. तिला फुगे हवेत."

असं दोनदा झालं. शेवटी पोरगी ठोकळ्यांशी खेळायला लागल्यावर त्या मेघाशेजारी येऊन बसल्या आणि मोबाइल तिच्या हातात दिला. "बघा. ओरडायचं नाही हं, माझ्यावरही नाही आणि स्वतःवरही नाही."

मेघानं बघितलं. आधी तिला फक्त स्वतःचा आवाज ऐकू आला, किती मोठा आणि किती घाईचा! मग मॅडमांनी तेच पुन्हा लावलं, सावकाश. पोरीनं बाटली धरली आहे. झाकण निघत नाही. ती कोपऱ्याकडे बघते. आणि तिचे ओठ एकमेकांवर येतात. मिटतात, गाल थोडे फुगतात, हनुवटी थरथरते. आता काहीतरी येणार, येणारच, आणि 'फुगे हवेत ना बाळा?' पोरीचे ओठ सैल झाले. तिनं बाटली आईच्या दिशेनं नुसती पुढे केली.

"परत," मेघा म्हणाली.

मॅडमांनी परत लावलं. दुसऱ्या वेळेसही तेच. ओठ मिटले, आईचा आवाज, ओठ सुटले.

"म्हणजे मीच..." मेघानं मोबाइल पिशवीवर उपडा ठेवला. "माझ्यामुळे बोलत नाहीये ती?"

"नाही. तसं अजिबात नाही," निशा मॅडम पटकन म्हणाल्या, पहिल्यांदाच त्या थांबल्या नाहीत. "काही मुलं उशिरा बोलतात, ते कुणाच्या आईमुळे नसतं. पण आता तिची तयारी होतेय आणि तिला जागा हवीये. तुम्हाला तिचं इतकं कळतं, की तिला सांगायची गरजच पडत नाही. घरी एवढं करा. वस्तू तिच्या समोर धरा, तिच्या डोळ्यांच्या उंचीला बसा, आणि थांबा. 'बोल बोल' करायचं नाही, 'हे काय, ते काय' विचारायचं नाही. उपाशी-तहानलेलं ठेवायचं नाही. एक श्वास घ्या, सोडा, अजून एक घ्या. कसलाही आवाज काढला तरी लगेच द्या. नाहीच काढला, तर शब्द तुम्ही म्हणा आणि द्या. बस."

"बस एवढंच?"

"करून बघा," मॅडम हसल्या. "मग सांगा एवढंच आहे का."

नव्हतं एवढंच. पहिल्याच दिवशी भुवई वर गेली आणि मेघाचा हात पेल्याकडे गेला तो वाटेतच तिनं दुसऱ्या हातानं धरला. खाली बसली. पेला समोर धरला. श्वास घेतला. पोरगी पेल्याकडे बघते, आईकडे बघते. भुवई आणखी वर. 'दिसत नाही का तुला?' म्हणत असल्यासारखी. मेघाला दिसत होतं, डोळे फुटेपर्यंत दिसत होतं. श्वास सोडला. पोरगी रडायला लागली.

"पाणी," मेघानं घाईघाईनं म्हटलं आणि पेला दिला.

"हे काय चाललंय?" द्वारकाबाई उंबऱ्यात. "लेकरू पाण्याला तरसतंय अन् तू पेला धरून आरती ओवाळती व्हय?"

"मॅडमनी सांगितलंय, आई. थांबायचं."

"थांबायचं? आम्ही लेकरं वाढवली ती काय थांबून?" त्यांनी नातीचे डोळे पुसले. "ये गं ठमे. तुझी माय मास्तरीण झाली."

घरात एकीकडे मेघा थांबायची आणि दुसरीकडून आजी पेला, बिस्कीट, चेंडू हातात ठेवून मोकळी व्हायची. मेघा चिडायची, पण मनातून तिला पटायचं की आपणही आठवडाभरापूर्वी हेच करत होतो, आणि याहून चपळाईनं. पोह्यांच्या वेळी एकदा पोरीनं 'प्' असा फुसका आवाज काढला. काढला ना? की नुसतीच फुंकर होती, पोहे गरम होते म्हणून? मेघा दिवसभर तो आवाज मनात उलटासुलटा करत राहिली. शिवराजला सांगितलं तर तो म्हणाला, "बरं झालं की," आणि ज्या सुरात म्हणाला तो तिला आवडला नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळेला तिचा धीर सुटायचा आणि ती मागितल्याशिवायच सगळं देऊन टाकायची. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायची, नळाला पाणी नसायचं, आणि तो कोरडा फुस्स आवाज ऐकून ती आणखीनच कावरीबावरी व्हायची. पिंपात पाणी खाली खाली जात होतं. पाणी जवळ येत होतं.

द्वारकाबाईंनी नातीचे चार फ्रॉक घडी घालून पिशवीत ठेवले होते. मेघानं ते पाहिलं. दुपारी पिशवी उघडून त्यात लाडूचा डबा ठेवला, मग काढला, मग परत ठेवला.

पाणी आलं ते भर दुपारी. गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी ओरडलं, "आलं, आलं!" आणि पाठोपाठ घराघरांतून ड्रम सरकवल्याचे आवाज. शिवराज कंपनीत. मेघानं आधी अंगणातल्या हौदाचं झाकण कुलूप ओढून तपासलं, फाटकाची कडी तपासली, पुन्हा हौदाचं कुलूप. मग नळाला पाइप लावून त्याचं दुसरं टोक निळ्या ड्रममध्ये सोडलं. पाण्याला जोर आला की ते टोक सापासारखं उसळून बाहेर यायचं, म्हणून कुणाला तरी समोर बसायला लागायचं. द्वारकाबाई पाटावर बसल्या, शेजारी संस्कृती तिचा छोटा मग घेऊन.

"आई, तिच्याकडे..."

"आगं हाय ना मी. जा तू."

मेघा मागच्या मोरीत गेली. नवं पाणी आलं की जुनं जपायचं कारण नसतं. आठवडाभर वाटीवाटीनं वापरलेलं पाणी त्या दिवशी हात सैल सोडून वापरायचं. तिनं शिळ्या पाण्याच्या बादल्या गोधड्यांवर ओतल्या आणि धोपटायला लागली. धोपटणं त्या दिवशी बरं वाटत होतं. एक गोधडीला, एक शिवराजच्या 'बघू'ला, एक त्या चार फ्रॉकांना.

पुढे अंगणात द्वारकाबाईंचा मोबाइल वाजला. गल्लीभर पाण्याचा गलका, काही ऐकू येईना. "ठमे, पाइपाकडं ध्यान ठिव गं," त्या हसत म्हणाल्या आणि फोन कानाला दाबत घरात गेल्या. फोन कन्नडचा होता. 'उद्या लेकरू घेऊन येते' असं त्या मोठ्यानं सांगत होत्या. ते मेघाला मोरीत ऐकू आलं, आणि तिचं धोपटणं आणखी वाढलं.

कुणीतरी मागून गाऊन ओढला. मेघानं वळून बघितलं. संस्कृती, गुडघ्यापर्यंत भिजलेली, हातात मग नाही.

मेघानं सवयीनं तिचा चेहरा वाचायला घेतला. भुवई वर नव्हती. ओठ आत नव्हते. टाचा जागेवर. पोरीचे डोळे विस्फारलेले होते आणि छाती धापा टाकत होती. भूक नाही, झोप नाही, दुखणंही नाही. मेघा शोधत राहिली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिला काही कळेना.

'काय झालं? पडलीस? पाणी हवं?' सगळे प्रश्न एकदम तोंडाशी आले. तिनं दातांनी ओठ धरला. साबणाच्या हातांनी खाली बसली, पोरीच्या डोळ्यांच्या उंचीला. श्वास घेतला.

"चांडं," संस्कृती म्हणाली.

मेघाला वाटलं, भास झाला.

"चांडं!" आणि हात पुढच्या अंगणाकडे.

सांडलं. दर पाण्याला या घरात, या गल्लीत, ओरडून ओरडून म्हटला जाणारा शब्द. आता मेघाला तो सळसळाटही ऐकू आला. ड्रममधून निसटलेला पाइप अंगणात लोळत होता, आणि घराच्या कडेच्या बोळातून पाण्याचा एक पट्टा त्यांच्याच दिशेनं सरकत येत होता. उरलेलं सगळं फाटकाखालून रस्त्यावर, रस्त्यावरून गटारीत. आठवड्याचं पाणी. तिचं सगळं अंग पुढे झेपावलं.

आणि तिनं पाहिलं की पोरीचे ओठ पुन्हा मिटताहेत. मिटले, गाल जरा फुगले, हनुवटी थरथरली. तेच, व्हिडिओतलं.

मेघा होती तिथेच बसली.

"ओ मेघा!" समोरच्या घरातून सत्यभामाकाकूंची हाक. "अगं तुमचं पाणी चाललं गटारीत! कुणी आहे का घरात?"

श्वास सोडला.

"मेघा! आगं पाइप!" द्वारकाबाई मोबाइल हातात धरून धावत मागच्या दारात आल्या. "बसली काय? पाणी चाललंय समदं! लेकरू तेच सांगतंय का? पाइप निसटला म्हणती व्ह—"

मेघानं साबणाचा हात वर केला. मागे वळून बघितलंही नाही, नुसता हात. तिनं आजवर सासूपुढे असा हात कधी केला नव्हता.

द्वारकाबाई दारातच थबकल्या. माहेरी असताना शेताच्या बांधावरून दोन दोन कळशा डोक्यावर आणणारी बाई. तिच्या पायाशी चांगलं स्वच्छ पाणी वाहत होतं. त्यांनी आपलं पाऊल आडवं धरलं, जणू तेवढ्यानं ते अडणार होतं. पाणी बोटांमधून पुढे गेलं. पण तोंड त्यांनी मिटलेलं ठेवलं.

"पाई," संस्कृती म्हणाली. "पाई... चांडं."

तिनं आईकडे बघितलं. आई हलत नाही. आजीकडे बघितलं. आजी एक पाय आडवा धरून उभी. एवढ्या मोठ्या बायका, पाणी चाललंय आणि दोघी दगडासारख्या! पोरीचा संताप अनावर झाला. तिनं आईच्या खांद्यावर एक चापट मारली.

"मम्मी, उत!"

मेघा उठली. गोधडीत पाय अडकला, भिंतीला धरलं, बोळातून धावत जाऊन उसळणारा पाइप दोन्ही हातांनी पकडला आणि ड्रममध्ये कोंबला. डोक्यापासून पायापर्यंत भिजली. ती रडत होती का, ते त्या पाण्यात कुणाला कळणार नव्हतं, आणि आज तिला ते बरंच वाटलं.

"काय हो द्वारकाबाई, एवढं पाणी घालवलंत!" समोरून सत्यभामाकाकू.

"जाऊ दे गं बाई," द्वारकाबाई म्हणाल्या. "आमचं आम्हाला म्हाग नाय." त्या पाटावर येऊन बसल्या, आणि नातीला समोर उभी करून तिच्याकडे नवलानं बघायला लागल्या. मग मेघाकडे वळल्या. "बघितलं? राघूचा उष्टा वाया जात नाय. तुला पटत नव्हतं."

मेघानं तोंड उघडलं. ओल्या कचऱ्याची बादली, घंटागाडी, सगळं जिभेवर आलं. मग तिनं पाइप जरा आत सरकवला.

"ठमे," आजीनं नातीचे दोन्ही हात धरले. "येती का मग कन्नडला? पेरू हाईत. पोरं हाईत. शेरडाचं पिल्लू हाय येक, काळं."

नाही येणार ती, मेघाच्या ओठांवर आलं. तिला रात्री भीती वाटते. आणि फरक तर दिसलाय ना आता! शिवराजनं तसंच ठरवलं होतं, दिसलं तर राहू दे. हे सगळं म्हणायला तिला एक श्वासही लागला नसता. पण प्रश्न तिला विचारला नव्हता. 'मी तिला विचारतेय, ताई,' असं शाळेतल्या बाई पुन्हा म्हणाल्यासारखं झालं.

संस्कृती आईच्या चेहऱ्याकडे बघत होती. पोरगीही वाचायची की, एवढे दिवस तिनंही तेच केलं होतं. तिथे लिहिलेलं असेल ते उत्तर उचलायची. मेघाच्या लक्षात आलं, आणि तिनं पटकन नळाकडे तोंड फिरवलं. ड्रममध्ये पाणी चढत होतं. पाठीमागे काहीच आवाज नव्हता. काळं पिल्लू, मेघाला वाटलं. आपल्याकडे काळं पिल्लू नाही. आपण आता वळून बघितलं तर आपल्या तोंडावर सगळं दिसेल.

"मान नगं हलवू," द्वारकाबाईंचा आवाज आला, आणि मेघा दचकली, कारण सासू कुणाला तरी थांबून विचारते आहे असं तिनं कधी ऐकलं नव्हतं. "मला मान कळत नाय. तोंडानं सांग. मी हाय बसलेली."

पाणी ड्रमच्या काठाशी आलं. मेघा पाइप धरून तशीच उभी.

"नाय," संस्कृती म्हणाली. अगदी आजीसारखं, नाक जरा वर करून. मग थोडं थांबून, "पेलू."

"आं? यायचं नाय, पण पेरू पायजे?" द्वारकाबाई हसत सुटल्या. "मोठी शहाणी! म्हंजे मीच आणून द्यायचे व्हय? बरं बाई. पुढच्या पाण्याला आणते."

मेघाला सुटल्यासारखं झालं, आणि त्याच श्वासात दुसरं काहीतरी आत आलं. सोपं नव्हतं ते 'नाय'. आज ते आजीला मिळालं. उद्या पोह्यांना मिळेल, परवा झोपेला, आणि एक दिवस दारात उभं राहून, चपला घालता घालता, आईलाच. आणि हे शब्द तरी संध्याकाळपर्यंत टिकतात का, की 'म' आणि 'बा'सारखे विरून जातात? उद्या निशा मॅडमांना काय सांगायचं? आपण वळून बघेपर्यंत ती पुन्हा भुवई वर करून बसली असेल तर?

"मम्मी," मागून आवाज आला.

तिनं वळायची घाई केली नाही.

"मम्मी, चांडं!"

ड्रम भरून वाहत होता.